रात्रीचे जेवण : पाच

छत्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो.
बोटांचा पिवळेपणा गेला, खोड गेली नाही :
कागद दिसला की आधी बेरीज,
मग चष्मा पुसून नावं.

म्हणून अक्काच्या मोबाईलवरचा मेसेज
भाच्यानं पुसायच्या आत मागून घेतला.
'आपल्या कार्डावर एक्केचाळीस हजार सहाशे मंजूर.
लवकर बरे व्हा.'
अक्का ओट्यावर शेंगा फोडत होती.
बरीच होती.

मिरजेला गेलो. खिडकीतल्या पोरानं
मान वर न करता बिलाची नक्कल सरकवली.
दाखल : पाच दिवस. ऑक्सिजन : अठरा तास.
सलाईन, सुया, आणि अशी काही नावं
जी मला उच्चारताही येईनात. त्यांना लांबूनच नमस्कार.
पण तळाशी, सगळ्यात स्वस्त ओळीत,
रात्रीचे जेवण : पाच.
उकडलेली अंडी : दहा.

इथं पेन्सिल थांबली.

रत्नाक्का चौगुले, वय एकोणऐंशी, मुक्काम नांद्रे.
दिवस मावळल्यावर तिनं पाण्याचा घोट घेतलेला
पन्नास वर्षांत कुणी पाहिला नाही.
कांदा चिरलेल्या विळीला ती हात लावत नाही.
आणि तारखा? ऐन भाद्रपद, दशलक्षणाचे दिवस,
अक्का उपासाला, एक वेळ उकळलेलं पाणी.
दहा अंडी!
चोरानं निदान घर बघून तरी चोरी करावी.

मग आठवलं, आषाढातलं ते शिबिर.
शाळेच्या व्हरांड्यात आमची म्हाताऱ्यांची रांग,
डोळ्यांत बॅटरी, हातात एक केळं,
आणि यंत्रावर अंगठा.
'अंगठा कशाला रे बाळ?'
'आजी, केळं मिळाल्याचा.'

सन्मती म्हणाला, मामा, सोडा की.
आपल्या खिशातनं काय गेलं?
मी म्हटलं, ज्याच्या नावे पडतं त्याचं जातं, पोरा.
उद्या खरंच हिची छाती भरली,
तर वही सांगेल, म्हातारी खाऊन-पिऊन मोकळी झालीय.

अक्काला रकमेचं काही नव्हतं.
तिनं एवढंच विचारलं,
'अंडी? माझ्या नावावर?'
आणि चपला घातल्या.

घरोघर गेलो. मेसेज उघडून घेतले.
तम्माण्णाला न झालेला मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांचा.
बाळाक्काचा गुडघा, जो बदलला म्हणे,
तोच पुढं करून तिनं आम्हाला चहा दिला.
शांतव्वानं मात्र मोबाईल पदराआड धरला.
नातू तिथंच कामाला आहे तिचा,
महिना नऊ हजारांवर.
आम्ही बसलो थोडा वेळ. पावसाचं बोललो. उठलो.

कार्तिकात विजयनगरला, साहेबांपुढं.
'पुरावा काय, मावशी?'
अक्कानं पिशवीतून उपाध्यांची वही काढली,
बस्तीतल्या सवालांची. बोट ठेवलं :
पंचमीपासून नवमीपर्यंत रोज हजर,
सप्तमीचा अभिषेक, रत्नाक्का, एकावन्न रुपये.
म्हणाली, 'मी तिकडं झोपले होते, तर
इथं सवाल कुणी धरला?'

साहेबांनी वही उलटसुलट पाहिली.
शाईचा डबा पुढं केला. 'अंगठा लावा.'
अक्का म्हणाली, 'पेन द्या.
तिसरी पास आहे मी.
शिबिरात कुणी विचारलंच नाही.'

र ला वेळ लागला. त्न ला जास्त.
मागं रांग खाकरली. ती घाई करेना.

पोच घेतली, शिक्का तपासला, तारीख तपासली.
गुरुवारी या, म्हणाले.
गुरुवारी येऊ. नाही झालं तर पुढच्या.
माझ्या अडतीत एका पैशाच्या फरकासाठी
दिवाळीची रात्र जागून काढलीय.

स्टँडवर नांद्र्याची गाडी लागली नव्हती.
अक्कानं घाईघाईनं डबा सोडला,
अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली,
आणि डोळ्यांवर हात धरून पश्चिमेला बघितलं.
'जेव लवकर,' म्हणाली,
'अजून हातभर आहे.'