आधी चिंधीवर

कुपी मीच उघडली होती.
ट्रेमध्ये दोन होत्या, सारख्याच उंचीच्या,
एकीचं लेबल भिजून अर्धं निघालेलं.
डॉक्टर म्हणाले, निळं. मी निळं दिलं.

सकाळपासूनचा तो अकरावा मोतीबिंदू.
पार पिकलेला, खडूसारखा.
पांढऱ्यावरचा पांढरा पापुद्रा दिसत नाही,
म्हणून रंग लागतो.
थेंबभर. हवेच्या बुडबुड्याखाली. मग धुवायचा.
आम्ही धुतला.
पुन्हा धुतला.

तुळजाराम भावसार, वय अडुसष्ट, वसमत, डावा डोळा.
दुसऱ्या दिवशी पट्टी मी काढली.
बुबुळावरची काच साबणाच्या पाण्यासारखी,
कडेला निळसर.
किती बोटं, काका?
"हात हाय का तिथं?" म्हणाले.

मग मान उलीशी वाकडी करून,
बाजारात कापड चाचपावं तसं :
"कोणती नीळ होती, बाई?"

चौकशीच्या कागदावर सही करायच्या आधी
मी त्यांना दोन्ही कुप्यांची नावं सांगितली.
कामून, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं.
नखं त्यांची अजून निळी आहेत, मुळापर्यंत,
हौद बुजवून पंधरा वर्षं झाली तरी.
"आमच्यात आधी चिंधीवर बगत्यात.
बुडवायची, पिळायची, उन्हात धरायची,
मगच ठाणाला हात."
थोडं थांबून :
"आता डोळ्याला चिंधी कुठून आणावी,
ते बी खरंच."

तेव्हापासून मी प्रत्येक कुपीतला एक थेंब
आधी कापसावर टाकते.
कापसावर दोन्ही निळ्या सारख्याच दिसतात.
तरी टाकते.

दर दोन तासांनी खारे थेंब, सूज ओढून घ्यायला.
"काय हाय ह्यात?"
मीठ, काका.
तेव्हा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.
"मिठानं रंग पक्का बसतो, बाई."

तिसऱ्या आठवड्यात व्हरांड्यात बसले होते,
चांगल्या डोळ्यावर तळहात झाकून.
पलीकडे मोंढ्यात हळद उतरत होती,
ट्रकमागे ट्रक, पोत्यांच्या शिवणीतून पिवळी धूळ,
आमच्या पायऱ्यांवरसुद्धा.
"तिकडं पिवळं असंल ना?"
हो.
"मला हिरवं दिसतंय."

मी काहीच बोलले नाही.
तेच मला समजावत राहिले,
जणू डोळा माझा होता :
"हळदीवर नीळ चढवली की हिरवा निघतो.
आमी बी तसाच काढायचो, लुगड्याच्या काठाला.
पर कच्चा असतो तो.
चार धुण्यांत हळद उडती."

आणि नीळ?

त्यांनी मान वर केली,
खालची पापणी स्वतःच ओढून धरली.
थेंबांची वेळ झाली होती.