कॉलर

शर्टाची कॉलर चावतो पोरगा.
आधी उजवं टोक गेलं, मग डावं.
जूनमध्ये घेतलेले तीन शर्ट
दिवाळीला पायपुसण्याच्या लायकीचे.
तृप्ती कॉलर उसवून उलटी लावते,
शिवताना काही बोलत नाही.
बाईंनी वहीत लिहून पाठवलं,
सुयोगचं पोट दुखतं, रोज, तिसऱ्या तासाला.

मी उद्यमनगरात, लेथवर. सतरा वर्षं.
केसाएवढा फरक बोटाला कळतो माझ्या,
मायक्रोमीटर नंतर लावतो, नुसती खात्री म्हणून.
शेठ पाहुण्यांना घेऊन आले की दाखवतात मला,
ह्यो आमचा बाळासो, ह्याच्या बोटातच गेज हाय.

चैत्रापासून ऑर्डरी कमी.
आठवड्याला चार दिवस, मग तीन.
घरात कुणावर हात उचलला नाही मी,
ओरडलोही नाही, हे लिहून घ्या.
फक्त बोलायचा थांबलो.
भाकरी मोडून ताटात तशीच,
टीव्ही चालू, आवाज बंद.
रात्री तीनला गच्चीवर जाऊन
टाकीला टेकून बसायचं,
नदीकडनं गुऱ्हाळाचा वास यायचा
आणि तोही कडू लागायचा.
पोराची कॉलर ओली दिसली की छातीत कळ,
कळ आली की मी गप्प,
मी गप्प, की कॉलर त्याच्या तोंडात.
पण हे सगळं आता कळतंय.
तेव्हा वाटायचं, मला कोण बघतंय?

मी जातो त्याला घेऊन सीपीआरला, तृप्ती म्हणाली,
तुम्हीपण चला. आज कुठं शिफ्ट आहे तुम्हाला.
शेवटचं हळू म्हणाली. तरी लागलं.

खोलीत पंखा, टेबल, रंगीत खडू.
मॅडमनी पोराला थोडं विचारलं,
मग खुर्ची माझ्याकडं वळवली.
तुम्ही झोपता का?
म्हटलं, आजारी तो आहे.
हो. तुम्ही झोपता का?

तेव्हा सुयोग बोलला, खडूंकडं बघत.
गाडीचा स्टँड जोरात लावला की पप्पांना काम नव्हतं.
हळू लावला की लई वाईट.
चावी खिळ्याला अडकवली तर ठीक,
टीव्हीवर ठेवली तर मी गुमान अभ्यासाला बसतो.
रात्री गच्चीचं दार वाजतं.
मग मी मोजतो, परत वाजेपर्यंत.
एकदा दोन हजार चारशेपर्यंत गेलतो.

दोन हजार चारशे.
मी लोखंड मोजत होतो,
आणि नऊ वर्षांचं पोर अंधारात मला.

लेथवर कधी कधी जॉब थरथरतो.
बारीक लाटा उमटतात, नखाला लागतात.
नवी पोरं भांडतात, टूल खराब, नाही मटेरियल खराब.
दिनकर मिस्त्री म्हणायचे,
टूल हलतंय म्हणून जॉब हलतोय, जॉब हलतोय म्हणून टूल.
पयलं कोण हललं ते हुडकत बसलास तर दोन्ही जातील.
स्पीड उतरव. पकड बघ.
आणि टूल पोस्टाच्या बाहेर किती लांब काढलंयस,
एकट्यालाच, ते बघ.

गोळ्या मला सुरू झाल्या, त्याला नाही.
दर गुरुवारी मॅडम, दोघांना.
शेठनी चौथा दिवस अजून दिलेला नाही.

काल रात्री गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गेलो.
म्हैस समोरच, ग्लासावर बोटभर फेस.
पप्पा, झोपलासा काय काल?
खोटं तोंडावर आलं होतं.
थोडं, म्हटलं.
मीपण थोडं.
ओठावरचा फेस पुसायला त्यानं कॉलर वर ओढली,
मी श्वास धरला,
त्यानं पुसला फेस आणि कॉलर सोडून दिली.
मग म्हणाला, काल हजाराच्या आत आलासा.

घरी आलो.
स्टँडवर पाय ठेवला आणि थांबलो,
जोरात लावू का हळू, सुचेना.
मागनं आवाज आला,
लावा की.