सात सेंटांचा चेक

मी दहा वर्षांची होईपर्यंत आई
अकरा वेळा मेली होती.
दोनदा विषानं, एकदा घोड्यावरून पडून,
बाकी सगळ्या वेळी गोळी.
शाळेत पोरं विचारायची,
काल रात्री तुझ्या आईला कुणी मारलं गं?
मी म्हणायचे, ठाऊक नाही,
आमच्याकडे आठ वाजता दिवे बंद होतात.

डुलुथच्या धक्क्यावर गव्हाची पोती वाहणाऱ्या
एइनो कोस्किनेनची ही धाकटी, वेर्ना.
स्टुडिओतल्या कुणा माणसानं
सँडविच खाता खाता तिचं नाव छाटलं :
व्हेरा केल.
म्हणाला, कोस्किनेन पाटीवर मावत नाही.
आजोबांनी पत्रात तक्रार केली नाही,
फक्त पाकिटावर जुनंच नाव लिहीत राहिले
शेवटपर्यंत,
आणि पोस्टमनला दर वेळी सांगावं लागे,
हो हो, ती मीच.

नायिका ती कधीच झाली नाही.
नायिकेची थोरली बहीण. नायकाची आधीची बायको.
जी मेल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, ती.
तिचं नाव पडद्यावर यायचं
तेव्हा लोक अंधारात कोटाची बाही शोधत असायचे.

मग नऊ वर्षं दुपारच्या मालिकेत नर्स.
बायका इस्त्री करता करता बघायच्या.
भाजीच्या दुकानात एकीनं बाही वर सारून
दंडावरची गाठ दाखवली तिला.
आईनं टोमॅटो खाली ठेवले,
बोटांनी गाठ चाचपली, अगदी मालिकेतल्यासारखी,
आणि म्हणाली, खऱ्या डॉक्टरकडे जा. उद्याच.
त्या बाईची नाताळची कार्डं अजून खोक्यात आहेत,
सव्वीस.
ढाली, बाहुल्या वगैरे घरात काही नाही.

चेक मात्र येतात अजून, व्हॅन नाइसच्या ह्या दोन खोल्यांत.
कुठल्याशा देशात, कुठल्याशा अपरात्री
कुणीतरी तिला पुन्हा मारतं
आणि सात सेंट जमा होतात.
पाकिटावरचं तिकीट त्याहून महाग.
ती वटवत नाही, फ्रीजवर चिकटवते.
हिशेबखात्याचं पत्र येतं, कृपया वटवा,
आमची वही जुळत नाही.
ती हसते.
मेलेलं कोंबडं आगीला कशाला भिईल?

काल रात्री दोन वाजता लागला होता एक जुना भाग.
दारूच्या गुत्त्यात जमिनीवर पडलेली विधवा,
टोप्या काढून उभे पुरुष,
कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, लांबलचक.
'बघ,' आई म्हणाली, 'पापणी.'
लवली होती. किंचित.
मी म्हटलं, कुणाच्या लक्षात येणार आहे?

'तू पाच आठवड्यांची होतीस.
सकाळपासूनचा सहावा टेक.
पलीकडच्या सेटवर साबणाच्या जाहिरातीसाठी
एक भाड्यानं आणलेलं बाळ होतं.
ते रडलं.
आणि मला पान्हा फुटला.
मेलेली होते, हलता येईना.
तेव्हा रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक,
काळ्यापांढऱ्यात चालून जायचं.
दूध त्यात मिसळलं, डाग पसरत गेला, पसरत गेला,
आणि दिग्दर्शक खुर्चीवरून उठून ओरडला,
वा! ह्याला म्हणतात रक्त!'

मी टीव्हीचा आवाज बंद केला.
डाग अजून पसरत होता
झालरीच्या पोलक्यावरून खाली.
एवढ्या वर्षांत किती देशांतल्या लोकांनी तो पाहिला असेल,
जेवता जेवता.
मग श्रवणयंत्राची जाहिरात आली.

तिनं गुडघ्यावरची चादर नीट केली,
काठीसाठी हात लांबवला,
आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली,
भूक लागली असेल तुला.

मी बासष्ट वर्षांची.
म्हटलं, हो.