पासंग

एकतीस वर्षं मी तराजू तपासले.
मोंढ्यात, आडतीवर, रेशनच्या दुकानात,
सराफाच्या काचपेटीतला तो श्वासानं हलणारा काटासुद्धा.
आधी पारडी रिकामी करायची,
पंखा बंद करायला लावायचा
आणि बघायचं,
काहीच नसताना कोणती बाजू झुकते.
चिंचोक्याएवढं शिसं पुरतं,
तळाला मेणानं चिकटवलेलं.

आता ग्रॅच्युइटी, फंड, रजेचा पगार,
सगळं मिळून अठ्ठावीस लाख
पासबुकात गुमान बसलंय
आणि बसलिंग एजंट
रोज दिवेलागणीला चहाला येतोय.

"साहेब, क्लासेसच्या एरियात टू बीएचके. चौतीस फक्त.
हॉल धरून आठ पोरं मावतात.
डॉक्टर व्हायचं खूळ आहे तोवर
लातुरात खोली रिकामी राहत नाही."

कॅलेंडरच्या पाठीवर मी आकडे मांडतो.
आठ गुणिले अडीच हजार. महिने दहाच धरायचे,
पोरं जूनला येतात, मेमध्ये जातात.
वरच्या सहा लाखाचा हप्ता मात्र
उन्हाळी सुट्टीला गावी जात नाही.
टँकर, मेंटेनन्स, फुटलेला नळ,
भिंतीवर कुणीतरी पेननं काढलेलं हृदय
(चार कप्प्यांचं, नावं देऊन),
दरवर्षी रंग.
उरतात दीड लाख.
बँक झोपल्या झोपल्या पावणेदोन देते.

"पण भाव वाढतो की, साहेब!"
हो, वाढतो.
मेव्हण्यानं बार्शी रोडला चाळीस हजारात प्लॉट घेतला
तेव्हा मी हसलो होतो. तिथं तेव्हा बाभळी होत्या.
बावीस लाखाला विकला त्यानं. पेढे घेऊन आला.
तो पेढा अजून घशाखाली उतरलेला नाही.

आणि हकीम सरांचा प्लॉट, रिंगरोडच्या पलीकडे,
गुंठेवारीतला, नुसत्या नोटरीवर.
चार कोपऱ्यांना चार दगड, चुना मारलेले.
दरसाल एखादा दगड आत सरकतो.
सर दर रविवारी टेप घेऊन जातात,
येताना काही बोलत नाहीत.

फ्लॅट बघायला मी मुद्दाम मे महिन्यात गेलो,
दुपारी दोनला, बसलिंगला न सांगता.
वॉचमन गुणवंत सावलीत बसून बादली पुसत होता.
नळ? आठ दिवसाला.
बोअर? "साडेसहाशे फूट मारलाय, साहेब.
चालू केला की खाकरतो नुसता."
मी त्याच्याकडून टँकरवाल्याचा नंबर घेतला.
जिन्यात आपोआप हात खांबावर गेला.
त्र्याण्णवच्या त्या पहाटेपासून
भिंत चाचपल्याशिवाय मी कुणाच्या घरात बसत नाही.

घरी आल्यावर बसलिंगला फोन लावला,
तळमजल्यावरचा आहे का रे एखादा?
महानंदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"आपण ऱ्हाणार हाव का तिथं?"
नाही.
"मग तळमजला कुणासाठी इचारायलाव?"

मी पंखा बंद केला.
घामानं निथळत बराच वेळ बसून राहिलो.
एका पारड्याखाली किल्लारी,
दुसऱ्याखाली मेव्हण्याचा पेढा.
आणि मी मधे आकडे टाकत होतो,
ग्रॅममध्ये.

संध्याकाळी बसलिंग आला.
मी म्हटलं, एकोणतीस.
तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, बोजा नसल्याचा दाखला,
गेल्या वर्षीच्या टँकरच्या सगळ्या पावत्या.
इसार अकरा हजार, तोही हे सगळं हातात आल्यावर.
मजला कुठलाही चालेल.

तो हसला. मग हसला नाही.
म्हणाला, बिल्डरला विचारतो,
आणि उठला.
पहिल्यांदाच त्याचा कप अर्धा राहिला,
वर साय धरली.
महानंदानं तो उचलला नाही,
मीही नाही.
काट्याला थांबायला वेळ द्यावा लागतो.