हानसानच्या बाजारात, कात्री नसताना

कात्री विमानतळावरच काढून घेतली.
"एवढं लांब पातं चालत नाही,"
म्हणाला तो पोऱ्या, आणि टाकली टोपलीत,
नेलकटरांच्या, स्क्रू-ड्रायव्हरांच्या ढिगात.
सोळा वर्षांची कात्री.
तिच्या कडीचा घट्टा अजून अंगठ्यावर आहे.

तर मी अशी, बिनकात्रीची,
पहाटे पाचला हानसानच्या बाजारात.
इथं कापड उजाडायच्या आत विकतात.
एक पिवळा बल्ब, एक लांब बाकडं,
आणि बायका ताग्याचं टोक उचलून
बल्बसमोर धरतात, डोळा बारीक करून,
जसं कुणी अंडं धरावं दिव्यापुढे
आत जीव आहे का बघायला.

मोशी म्हणतात या कापडाला. झुडपाच्या सालीचं.
अंगाला न चिकटणारं, कडक,
हातात घेतलं की तळलेल्या पापडासारखं बोलणारं.
मी किंमत विचारली आणि गप्प बसले.
एका ताग्यात माझं परतीचं तिकीट आलं असतं.

बाकड्याच्या टोकाला प्योन जोम-सुन.
वय सत्त्याऐंशी, हे थुईनं सांगितलं.
थुई तिच्या पुतण्याची बायको, हनोईकडची.
"मीपण इथं बाहेरून आणून जोडलेली,"
म्हणाली, आणि स्वतःच हसली.

जोम-सुननं तोंड उघडून दाखवलं:
खालच्या दोन दातांत खाच,
सुईच्या नेढ्याएवढी.
सत्तर वर्षं साल दातांनी चिरली,
धागा थुंकीनं ओला केला, मांडीवर वळला.
"सवय झाली म्हणायचं तर," थुई म्हणाली,
"इथले लोक म्हणतात, दातात खाच पडली."
मी म्हटलं, आम्ही म्हणतो अंगवळणी पडलं.
म्हातारीला ते पटलं नसावं.
अंग काय, कशालाही वळतं.

तिच्या पायाशी गाठोडं. त्यात कात्रणं.
बोटभर, तळव्याएवढी, काही नुसत्या पट्ट्या
कुणाच्या झग्याच्या गळ्याखालून उरलेल्या.
नीळ खाल्लेली. अनंताच्या फळानं पिवळी झालेली.
एक पांढरी, पण पांढरी नव्हे,
तांदळाच्या धुवणाची.

जोडतात तीही, पण आमच्यासारखी नाही.
खाली थर नाही, पोटात जुनं लुगडं नाही.
शिवण अशी मुडपायची की उलट-सुलट एकच,
आणि टांगायचं खिडकीत.
माणूस नाही, ऊन पांघरतं ते.
मी आयुष्यभर गोधड्यांत
नको ते तुकडे आतल्या थरात घातले.
इथं लपवायला आतच नव्हतं.

"कितीला?"
ती विकायची नाहीत.
मी बोटांनी आकडा वाढवला. पुन्हा वाढवला.
तिनं माझ्या ओढणीचं टोक धरलं.
मंजिष्ठेची लाल, छापाची, दोनदा रफू केलेली.
उलटी केली. रफूवरून नख फिरवलं, सावकाश.
मग बल्बसमोर धरली. उजेड आलाच नाही.
तोंडानं च्यक् केलं, काहीतरी बोलली.
थुई म्हणाली, "एक वीत मागतेय."

मी सवयीनं पिशवीत हात घातला.
हाताला रिकामी खोबण लागली, कात्रीच्या आकाराची.
तोवर तिनं काठ त्या खाचेत धरला होता
आणि चर्र.

बदल्यात नऊ तुकडे. तिनंच निवडलेले.
निळा एकच.
मी दुसऱ्या निळ्याकडे बघतेय हे तिनं पाहिलं
आणि गाठोड्याला गाठ मारली.

घरी येऊन चार महिने झाले.
नऊ तुकडे पाणी लावून काचेवर चिकटवलेत,
वाळले की पडतात, मी पुन्हा लावते.
दुपारी फरशीवर निळं उतरतं
आणि मी वळसा घालून जाते.
शिवले नाहीत. गोधडीत गेले तर अंधारात जातील,
आणि त्यांची ती मुडपशिवण मला येत नाही.
नवी कात्री घेतली, तिच्यात अंगठा बसत नाही.

तिकडे एखाद्या खिडकीत माझा लाल चौकोन असेल,
उजेड अडवून बसलेला, बाकीच्यांत ठोंब्या,
आणि म्हातारी त्याच्याकडे बघून च्यक् करत असेल.

ओढणीचा तो काठ मी दुमडलेला नाही.
रोज एखादा दोरा सुटतो.
तो मी दातांनी तोडते.