वाढ

रुवीत, बस डेपोच्या मागच्या गल्लीत
मुकादमांची खानावळ. चार बाकं, एक कळकट पंखा.
बाणकोटचा माणूस. एकतीस वर्षं हातात डाव.
"वाढू?" विचारायचे ते फक्त रीत म्हणून;
उत्तर येण्याआधी भात ताटात.
पुरे म्हटलं की त्यांना ऐकू कमी यायचं.

माझं काम अल खूदला, तळघरात.
बाहेर सत्तेचाळीस अंश, कपाटात सदतीस,
आणि चपट्या बाटल्यांत
कुणा अनोळखी माणसांच्या मोठ्या आतड्यातल्या पेशी.
ती माणसं जाऊन माझ्या वयाइतकी वर्षं झाली असतील.
पेशींना जेवण लागतं. गुलाबी पाणी, साखर,
न जन्मलेल्या वासराच्या रक्ताची निवळ.
त्या निवळीत चिठ्ठ्या असतात.
हो, चिठ्ठ्याच. दिसणार नाही एवढंसं प्रथिन
पेशीच्या दाराला लागतं
आणि आत एकच शब्द जातो:
वाढ.

भली पेशी चिठ्ठी येईपर्यंत थांबते.
शेजारणीचा खांदा लागला की म्हणते, पुरे,
पंगतीत बसल्यासारखी.

मी निवळ काढून घेतो. एक दिवस उपास.
मग एक थेंब परत देतो, आणि मोजत बसतो.
या बिघडलेल्यांतल्याही काही अजून ऐकतात,
थेंबावर फोफावतात, थेंबावाचून मंद.
काही स्वतःच चिठ्ठी लिहितात,
स्वतःच्या दारात टाकतात,
स्वतःच उचलून वाचतात.
आणि काहींच्या दाराशी कुणी आलेलंच नसतं;
आतला खटका खाली अडकलाय,
घंटा वाजतेय, वाजतेय.
त्यांच्या दाराला बाहेरून औषधाचं कुलूप लावून काय उपयोग?
रविवारी सकाळी येऊन बघावं तर गुलाबी पाणी पिवळं,
जेवून जेवून आंबट.

मुकादमांचा रिपोर्ट मीच वाचून दाखवला.
खटका अडकलेली जात.
कसं सांगावं सुचेना. म्हणालो,
चाचा, त्या पेशींना पुरे ऐकू येत नाही.
ते हसले. पोट धरून, बेतानं, टाके ओले होते.
"म्हणजे माझ्याच की रे त्या."

आपल्या भाषेनं हा शब्द
कुणाच्या भरवशावर एवढा मोकळा सोडला?
मूल वाढतं. भात वाढतात. नारळ वाढवतात.
आईच्या हातातली बांगडी फुटली तर
फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं.
आणि पुढ्यात काय वाढून ठेवलंय असं विचारलं तर
वाढणाऱ्याचं नाव त्या वाक्यात कुठेच बसत नाही.

काल वॉर्डात गेलो, स्टीलचा डबा घेऊन.
खिडकीबाहेर ते उघडे डोंगर, चहाच्या चोथ्यासारखे.
पेजेचा एक चमचा. दुसरा.
तिसऱ्याला त्यांनी वाटीवर आडवा तळहात धरला.
ही खूण त्यांनी एकतीस वर्षं फक्त समोरून पाहिली होती.
"पुरे."
डब्याचं झाकण मला नीट लावता येईना.

तिथून तसाच लॅबवर आलो, कपाट उघडलं.
तीन दिवस मी त्यांना निवळीचा थेंब दिला नव्हता.
बाटली भिंगाखाली धरली.
कडेपर्यंत दाटी.