अन्नपूर्णा

हॉटेल उघडतं तेव्हा नारळ फोडायला नगरसेवक येतो,
बंद होतं तेव्हा मी.
माझा छोटा हत्ती, दोन दोरखंड, एक फाटकी गोधडी
संगमरवराला ओरखडा नको म्हणून.

रत्नागिरीत सहा टेबलं अशी आहेत
जी मी चार वेळा वाहिली.
पहिल्यांदा राम आळीतून, हेब्बारांच्या उडप्याकडून,
जिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात,
थेट धनजी नाक्यावर, 'ड्रॅगन'मध्ये.
तिथे चिपळूणचा एक तांबे शेजवान ढवळायचा,
आणि चायनीज भेळेवर कोथिंबीर मागितली की चिडायचा.
आठ महिने चिडला.

मग राजिवड्यात, झुलेखा मुकादमकडे.
सकाळी सांदणं, दुपारी खिम्याची पॅटिस, रात्री काही नाही;
रात्री ती शिलाई मशीन चालवायची.
टेबलं उलटी करून तिने खालचं चिंगम सुरीने खरवडलं,
मोजलं. एकेचाळीस.
"एवढी माणसं बसून गेलीत," म्हणाली, "बरकत आहे या लाकडात."
बरकत दोन पावसाळे टिकली.

फणसळकरबाईंनी ती घेतली तेव्हा
साळवी स्टॉपच्या त्यांच्या खानावळीला सव्वीस वर्षं झाली होती.
पाटावर मांडी घालणारं गिऱ्हाईक संपलं होतं.
ताट साठ रुपये, आमटी हवी तेवढी, भात दोनदा.
साठाचे सत्तर करायला बाईंनी वर्ष लावलं,
आणि केले त्या दिवशी
प्रत्येकाच्या पानात न मागता अळूवडी.
बंद करतानाही रडल्या नाहीत.
उधारीची वही बंबात घातली,
त्याच पाण्याने आंघोळ केली,
आणि मला म्हणाल्या, "पाटी तेवढी भंगारात दे हो.
नाव देवीचं आहे, पण पत्रा चांगला आहे."

दिली नाही. कंटाळा, दुसरं काय.
महिनाभर हौद्यातच राहिली,
मासळीच्या क्रेटखाली, अक्षरं खाली करून.

मग मिरकरवाड्यात टेक रोका.
म्याग्दीचा. नऊ वर्षं ट्रॉलरवर खलाशी;
दोन बोटं विंचच्या दोरात गेली,
उरलेल्या आठांनी मोमो वळतो.
बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला ताडपत्री बांधली होती त्याने,
तिच्याखाली मी टेबलं उतरवली.
पाटी उताणी पडली.
लिपी आपलीच त्याची. बोट फिरवत वाचली,
नि गप्प.
"ही माझ्या घरातून दिसते," म्हणाला,
"सकाळी, चूल पेटायच्या आधी."
मी म्हटलं, देवी?
"डोंगर."

पैसे देऊ लागला. मी चहा घेतला.

ऐंशीत डाळभात, मुळ्याचं लोणचं, बांगड्याची एक तुकडी.
कोबी महागली की मोमोत करंदी.
चटणीतला टिमुर संपला की तिरफळं वाटतो;
चुलतभाऊच आहेत म्हणतो,
एक डोंगरातच राहिला, एक इथे उतरला.
पहाटे बोटी लागतात तेव्हा
तांडेल, खलाशी, हमाल, पोलीस, सगळे
त्या सहा टेबलांवर कोपर टेकून
एकच लाल चटणी पुसून खातात.
चिंगम पुन्हा जमू लागलंय.

बाईंना बांगड्याचं मी सांगितलं नाही.
पण एकदा कुणाच्या तरी रिक्षातून जाताना त्यांनी पाहिलं असावं.
रात्री फोन आला:
"त्याला सांग, पाटी उजवीकडे कलते.
माझ्याकडेही कलायची.
खिळा लांब हवा."
आणि ठेवला.

एकतीस मेला बंदी लागते.
जेट्टीवर बोटी शाकारल्या जातात, खलाशी गावाला निघतात.
टेबलं माझ्या पडवीत, एकावर एक, गोधडीखाली.
पाटी मात्र टेक पोटाशी धरून केबिनमध्ये बसतो,
आणि उतरताना माझ्या बायकोच्या हातात देतो.

नारळी पौर्णिमेनंतर परत उघडणार का,
मी विचारत नाही.
माझ्या तोंडून तो प्रश्न म्हणजे अपशकुन.
खिळा आणून ठेवलाय.
चार इंची.